कोणी आणलं, कशाला आणलं?

कोलकात्याहून हुगळीवरचा विद्यासागर सेतू ओलांडून बस शिबपूरच्या दिशेनं वळली, की कंडक्टर ‘बी गार्डन, बी गार्डन’ असं ओरडायला लागतो. दाटीवाटीची घरं, लोखंडी सामानाची दुकानं, चहाच्या टपऱ्या आणि रिक्षांचे भोंगे यांच्यामधून बस पुढे सरकते. अशा जागी बाग असेल यावर विश्वास बसत नाही. मग एका भिंतीत फाटक दिसतं, आपण आत शिरतो आणि शंभर पावलांत हावडा शहर ऐकू येईनासं होतं. ही आचार्य जगदीशचंद्र बसू भारतीय वनस्पती उद्यानाची हद्द. क्षेत्रफळ 109 हेक्टर, म्हणजे सुमारे 270 एकर. एका बाजूला हुगळी नदी, आत दोन डझनांच्या आसपास तळी आणि मैलोन्‌मैल जाणारे झाडांखालचे रस्ते.

बहुतेक माणसं इथं मोठा वड बघायला येतात. फाटकातून थेट वडाकडे जातात, कुंपणापाशी फोटो काढतात आणि परततात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. त्या फेरीत बाग मला काहीच कळली नाही. वनस्पती उद्यान आणि बगीचा यांत फरक आहे. बगीच्यात झाड शोभेसाठी किंवा सावलीसाठी उभं असतं. वनस्पती उद्यानातलं जवळजवळ प्रत्येक झाड कुणीतरी, कुठून तरी, काहीतरी मनात धरून आणलेलं असतं. म्हणून दुसऱ्या खेपेला मी वडाकडे जाण्याआधी प्रत्येक पाटीपाशी थांबत गेलो आणि एकच प्रश्न विचारत राहिलो: तुला इथं कोणी आणलं, आणि कशाला आणलं?

सुरुवात भुकेपासून झाली. 1770 च्या दुष्काळात बंगालमधली एक तृतीयांश माणसं दगावली, असा अंदाज ईस्ट इंडिया कंपनीच्याच अधिकाऱ्यांनी केला होता. ते सावट अजून विरलं नसताना, 1786 मध्ये, कर्नल रॉबर्ट किड या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यानं गव्हर्नर जनरलकडे एक प्रस्ताव पाठवला. किड वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. शिबपूरजवळ त्याची स्वतःची बाग होती आणि झाडांचा नाद होता, एवढंच. त्याचं म्हणणं असं की, मलायातला साबुदाण्याचा माड आणि इराणातला खजूर इथं लावावा, म्हणजे भात बुडाला तरी लोकांच्या तोंडात काहीतरी पडेल. दुर्मीळ झाडं केवळ कुतूहलापोटी गोळा करण्यासाठी ही बाग नको, हे त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. लोकांच्या आणि व्यापाराच्या उपयोगी पडतील अशी रोपं वाढवायची आणि वाटायची, हा त्याचा हेतू होता.

1787 मध्ये लंडनहून मंजुरी आली. मात्र ती देताना कंपनीच्या संचालकांच्या डोळ्यांपुढे दुष्काळापेक्षा डच व्यापारी जास्त होते, हे मान्य करायला हवं. लवंग, जायफळ, दालचिनी, मिरी यांवर डचांची पकड होती आणि ती सोडवायची तर ही झाडं आपल्या जमिनीत वाढायला हवीत, असा हिशेब होता. गलबतांसाठी सागवानही हवं होतं. एकाच बागेकडून भुकेल्याला अन्न, व्यापाऱ्याला मसाला आणि नौदलाला लाकूड अशी तिहेरी अपेक्षा होती.

यातलं बरंचसं फसलं. लवंग आणि जायफळ ही विषुववृत्तालगतच्या बेटांवरची झाडं. त्यांना वर्षभर सारखी ऊब आणि सारखा ओलावा लागतो. कोलकात्याचा कोरडा हिवाळा आणि चैत्र-वैशाखातली होरपळ त्यांना सोसेना. इथल्या गाळाच्या मातीत सागवानही मनासारखं झालं नाही. पुढे बागेतली ती सागाची जमीन 1820 मध्ये बिशप्स कॉलेजला देऊन टाकली. त्याच आवारात नंतर अभियांत्रिकी महाविद्यालय आलं आणि ते आजही तिथं आहे.

या फसण्याला मी फार किंमत देतो. बंगालमध्ये काय उगवत नाही हे या बागेनं स्वतःच्या खर्चानं शोधून काढलं, म्हणून पुढच्या मळेवाल्यांचे आणि शेतकऱ्यांचे पैसे वाचले. असं ‘नाही’ कळण्यासाठी कुणीतरी वीस-तीस वर्षं झाड लावून, पाणी घालून, वाट बघावी लागते. बाजाराला तेवढा धीर नसतो, बागेला असतो.

किड 1793 मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ संगमरवरी कलश बसवला आहे. रस्ते एकत्र येतात तिथं तो दिसतो. त्याच वर्षी आला विल्यम रॉक्सबर्ग, स्कॉटलंडचा डॉक्टर. आंध्र किनाऱ्यावरच्या सामलकोट इथं त्यानं मिरी, नीळ, रेशीम यांवर अनेक वर्षं प्रयोग केले होते. तो आला तेव्हा बागेत तीनशेच्या आसपास जाती होत्या. 1813 मध्ये तो परतला तेव्हा त्या साडेतीन हजारांच्या घरात पोचल्या होत्या. नदीकाठी त्यानं 1795 मध्ये बांधून घेतलेलं घर अजून उभं आहे. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमधून महोगनीची रोपं या बागेत आली. आज देशभर रस्त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या महोगनीचा इतिहास त्या रोपांपाशी सुरू होतो. ज्यूटचा धागा इंग्लंडला नमुन्यासाठी पाठवणाऱ्यांतही रॉक्सबर्ग होता. हुगळीच्या दोन्ही तीरांवर पुढे ज्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्या याच धाग्यावर.

रॉक्सबर्गची मोठी कामगिरी मात्र कागदावर आहे. त्यानं भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतींची चित्रं काढून घेतली. पान, फूल, फुलाचा उभा छेद, बी, सगळं मापात आणि खऱ्या रंगात. या चित्रांची एक प्रत शिबपूरला आहे, एक इंग्लंडमधल्या क्यू उद्यानात. ती रंगवणाऱ्या हातांची नावं जवळजवळ सगळी हरवली. त्याच्यानंतरच्या काळातली दोन नावं तेवढी टिकली: विष्णुप्रसाद आणि गोराचांद. त्यांची चित्रं 1830 ते 1832 या काळात लंडनला छापलेल्या एका भव्य ग्रंथात आहेत.

आपल्याकडेही असं घडलं आहे. पुण्याजवळ दापोडीला 1828 मध्ये मुंबई सरकारनं वनस्पती उद्यान काढलं. अलेक्झांडर गिब्सन तिथं अधीक्षक असताना, 1847 नंतरच्या तीनेक वर्षांत, एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकारानं तिथल्या झाडांची सुरेख चित्रं काढली. ती आता एडिंबराच्या उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव कुणी नोंदवून ठेवलं नाही. दापोडीची बाग 1865 मध्ये सरकारनं मोडीत काढली. शिबपूरची टिकली, हा त्या दोन बागांमधला फरक फार मोठा आहे.

रॉक्सबर्गचा एक जवळचा मित्र होता श्रीरामपूरचा मिशनरी विल्यम केरी. हुगळीच्या वरच्या अंगाला त्याची स्वतःची बाग होती आणि दोघांत रोपांची, बियांची देवघेव चाले. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्या कारणानं माहीत असतं. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी मराठी शिकवायचा. पंडित वैजनाथांच्या मदतीनं त्यानं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश. रॉक्सबर्गच्या बागेतल्या झाडांची यादी 1814 मध्ये केरीनंच श्रीरामपूरला छापली आणि रॉक्सबर्गच्या पश्चात त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथही संपादून काढला. रॉक्सबर्गनं आपल्या या मित्राचं नाव एका झाडाला दिलं: कॅरिया आर्बोरिया. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी हे झाड शेकडो वेळा पाहिलेलं असतं, कारण तो आपला कुंभा. पानगळीच्या आधी पानं लाल होतात, उन्हाळ्यात केसरांचा झुबका असलेली मोठी फुलं येतात, तोच. मराठीचं सुरुवातीचं छापील व्याकरण करणाऱ्या माणसाचं नाव माथेरानच्या आणि भीमाशंकरच्या रानात असं उभं आहे. खानदेशातल्या अंजनाचं शास्त्रीय नाव, हार्डविकिया बायनाटा, तेही रॉक्सबर्गनंच ठेवलेलं.

रॉक्सबर्गनंतर काही वर्षांनी बाग नॅथॅनियल वॉलिच याच्या हाती आली. हा डॅनिश डॉक्टर. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कचं ठाणं होतं; इंग्रजांनी ते घेतलं तेव्हा तो युद्धकैदी म्हणून त्यांच्या हाती लागला आणि झाडांच्या ज्ञानामुळे सुटला. 1817 ते 1846 इतका काळ त्यानं ही बाग सांभाळली. याच बागेतून भारतीय चहाचा व्यापार बाहेर पडला. 1834 मध्ये सरकारनं चहासाठी समिती नेमली, वॉलिच तिच्यात होता. आसामच्या रानात सापडलेलं झुडूप खरोखर चहाच आहे, हा निर्वाळा त्याच वर्षअखेर इथून दिला गेला. चीनहून आणलेल्या बियांपासून सुमारे 42 हजार रोपं शिबपूरला वाढवली गेली आणि आसाम, कुमाऊँ आणि दक्षिणेत पाठवली गेली. पुढे आसामात देशी झुडूपच सरस ठरलं. तरी शिबपूरच्या त्या वाफ्यांवरून जाताना मला माझ्या घरातली सकाळची किटली आठवतेच.

वॉलिच आजारपणामुळे रजेवर गेला तेव्हा, 1842 ते 1844, विल्यम ग्रिफिथ प्रभारी होता. ग्रिफिथ विलक्षण बुद्धीचा संशोधक होता. त्याला ही बाग विस्कळीत वाटली. झाडं कुळांप्रमाणे लावली गेली पाहिजेत, विद्यार्थ्याला चालता चालता वर्गीकरण दिसलं पाहिजे, या आग्रहापोटी त्यानं कुऱ्हाड चालवली. सायकसची जुनी रांग, साग, महोगनी, दालचिनी यांची राई गेली. 1848 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर इथं आला तेव्हा त्याला सावली हरवलेली बाग दिसली आणि त्यानं आपल्या प्रवासवर्णनात त्याबद्दल स्पष्ट खंत लिहिली. ग्रिफिथचा विचार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. वनस्पती उद्यानात व्यवस्था हवीच. पण पन्नास वर्षांचं झाड हेही एक ज्ञान असतं आणि ते पाडलं की पुन्हा लिहून काढता येत नाही. माझं मन वॉलिचच्या बाजूचं आहे.

माणसानं पाडलं ते वादळानंही पाडलं. 5 ऑक्टोबर 1864 च्या चक्रीवादळात बागेतली जवळजवळ निम्मी झाडं गेली. 1867 मध्ये पुन्हा वादळ आलं. उघड्यावर पडलेली ही बाग सावरली जॉर्ज किंगनं. 1871 पासून पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो इथं होता. आज आपण जी तळी, वळणदार रस्ते आणि मातीचे उंचवटे बघतो ते बहुतांशी त्याचे. तळी एकमेकांना जोडलेली आहेत. ती खणताना निघालेल्या मातीनं सखल जमीन वर उचलली, म्हणून मुळं कुजायची थांबली. दार्जिलिंगच्या डोंगरातल्या सिंकोनाच्या लागवडीवर किंगचीच देखरेख होती. त्या सालीतून काढलेलं क्विनाईन टपाल कचेऱ्यांतून एका पैशाच्या पुडीत विकायची सोय त्यानं लावली. बंगालच्या हिवतापानं गांजलेल्या खेड्यात ती पुडी पोस्टमन घेऊन जायचा. दुष्काळासाठी किडनं मांडलेला विचार शंभर वर्षांनी औषधाच्या रूपानं खरा झाला, असं मला वाटतं.

किंगच्याच काळात, 1890 मध्ये, भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभाग सुरू झाला आणि तोच त्याचा पहिला संचालक. बागेला लागून असलेल्या केंद्रीय वनस्पती संग्रहालयात आज सुमारे वीस लाख वाळवलेले नमुने आहेत. कागदावर चिकटवलेली फांदी, खाली कुणी कुठून कधी तोडली त्याची नोंद. नव्या जातीचा दावा करणाऱ्याला शेवटी अशा कपाटांपाशी यावंच लागतं.

मोठ्या ताडघरात एक झाड आहे जे मला फार वेळ थांबवून ठेवतं: सेशेल्स बेटांवरचा जोडनारळ. आपल्या किनाऱ्यावर त्याला दर्याचा नारळ म्हणत, कारण त्याच्या करवंट्या समुद्रातून वाहत येत आणि झाड कुणी पाहिलेलं नसे. ते समुद्राच्या तळाशीच उगवतं अशी समजूत होती. फकिराच्या हातातला काळा कटोरा असतो, तो याच करवंटीचा. वनस्पतिसृष्टीतलं सगळ्यांत जड बी हेच, पंचवीस किलोंपर्यंत भरणारं. शिबपूरचं झाड 1894 मध्ये लावलेलं. ते फुलावर यायला जवळजवळ शतक लागलं, आणि फुललं तेव्हा कळलं की ते मादी आहे. जोडनारळात नर-मादी वेगवेगळे असतात आणि इथं नर जवळपास नव्हता. मग थायलंडमधून पराग आणून शास्त्रज्ञांनी हातानं परागीकरण केलं आणि फळ धरलं. बी पेरणाऱ्या माळ्याच्या चार पिढ्यांनंतरची ही गोष्ट. बागेच्या घड्याळात एक तास किती मोठा असतो, हे तिथं उभं राहिलं की समजतं.

आणि आता तो वड.

सगळ्या बागेत माझ्या प्रश्नाला उत्तर न देणारं झाड हेच, कारण याला कुणी आणलेलं नाही. फाल्कनर या अधीक्षकानं जुन्या माणसांकडे चौकशी करून काढलेली हकिकत हूकरनं नोंदवली आहे: 1782 च्या सुमाराला त्या जागी शिंदीचं झाड होतं, खाली एक फकीर बसायचा आणि शिंदीच्या शेंड्यातून वड फुटला होता. हे अगदी वडाच्या रीतीला धरून आहे. वडाचं बी जमिनीवर क्वचितच रुजतं. पक्षी फळ खातो, त्याची विष्ठा ताडा-माडाच्या बेचक्यात पडते, तिथं रोप उगवतं. मुळं खाली उतरत आधाराच्या झाडाला वेढतात आणि शेवटी ते झाड मरून वडाच्या पोटात विरघळतं. बागेची माणसं या वडाचं वय अडीचशे वर्षांच्या घरातलं सांगतात. शिंदीची हकिकतही जवळपास तेवढंच सांगते.

हूकरच्या काळात वडाचा विस्तार तीनशे फुटांचा होता. क्यूच्या प्रचंड काचघरावर तो उभा केला असता तर दोन्ही टोकांची तीस-तीस फूट तेवढी उघडी राहिली असती, असा हिशेब त्यानं मांडला होता. पारंब्या आपोआप खाली आल्या असं मात्र नाही. माळी फांदीला ओली माती आणि शेवाळ बांधत, खाली पाण्याचं मडकं टांगत, मूळ फुटलं की त्याला बांबूच्या नळीत घालून जमिनीपर्यंत आणत. दोरीसारखी लोंबणारी पारंबी मातीत रुतली की काही महिन्यांनी ताठ होते आणि मग खांब बनते. अडीचशे वर्षांच्या या झाडात अनाम माळ्यांचे कित्येक हात आहेत.

1864 आणि 1867 च्या वादळांत फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली आणि मुख्य खोड कुजत गेलं. 1925 मध्ये ते कापून काढावं लागलं. त्याचा घेर पन्नास फुटांच्या आसपास होता. वडाचं त्या खोडावाचून अडलं नाही. आज साडेतीन हजारांहून जास्त पारंब्यांवर तो उभा आहे आणि दीड हेक्टराहून अधिक जमीन व्यापून आहे. भोवती 330 मीटरांचा रस्ता केला, तर तोही ओलांडून पुढे गेला. आपल्याकडे वटपौर्णिमेला बायका खोडाला सूत गुंडाळतात. इथं सूत गुंडाळायला खोडच नाही, फक्त झाड आहे. जवळून पाहिलं तर अख्खं रान वाटतं, पण सगळं वर एकमेकांना जोडलेलं, एकच जीव. मे 2020 मध्ये अम्फान वादळानं बागेतली शेकडो झाडं उपटली. वडाच्याही काही पारंब्या आणि फांद्या गेल्या. दुरुस्ती सुरू झाली ती पुन्हा नव्या पारंब्या बांबूतून खाली उतरवूनच. हूकरच्या काळातली माळ्यांची युक्ती अजून बदललेली नाही.

शिबपूरला जायचं तर थंडीत जा, सकाळी लवकर जा, सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग बंद असते. पाण्याची बाटली आणि चांगल्या चपला हव्यात, कारण एक फेरी अर्ध्या दिवसाची होते. वड शेवटी बघा.

आणि तेवढं जमत नसेल तर मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशीचं झाड आहे, ते फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला फुललेलं असताना बघा. लाल फुलांचे झुंबरासारखे घोस खाली लोंबतात. वॉलिचला हे झाड 1827 मध्ये ब्रह्मदेशात, मार्तबानजवळच्या एका मोडकळीला आलेल्या बौद्ध मठाच्या बागेत दिसलं होतं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याच्या फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. त्यानं त्याला गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट आणि तिची मुलगी यांच्यावरून अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस हे नाव दिलं. मराठीत उर्वशी कुणी म्हटलं, त्याची पाटी कुठं नाही.